पाठवणीचा साहेब

आमच्या बँडकडे लग्न ठरवायला आलेली माणसं बाकावर टेकायच्या आधी एकच गोष्ट विचारायची. "साहेब येल ना?" क्लॅरिओनेट कोण वाजवतो याची चौकशी माझ्या आठवणीत कुणी केलेली नाही. क्लॅरिओनेट मी वाजवत होतो, म्हणून हे मला नीट आठवतं.

दिवसा मी पनवेलच्या कचेरीत कारकून. तुळशीची लग्नं लागली की संध्याकाळी लाल कोट चढवायचा आणि बँडबरोबर गावोगाव हिंडायचं, हे ज्येष्ठापर्यंत चालायचं. घरात यावरून पुष्कळ झालं. वडील म्हणाले, पेन्शनीची नोकरी आहे, तोंडात नळकांडं कशाला? मी ऐकलं नाही. दिवसभर मान डोलावून झाल्यावर माणसाला कुठंतरी फुंकर मारायला जागा लागते. बँडची खोली तळ्याच्या काठाला होती. मालक एक वयस्क कोकणी मुसलमान गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते स्वतः कॉर्नेट वाजवायचे आणि कुणी चुकला की त्याच्याकडे न बघता नुसतं "या अल्ला" म्हणायचे. माझ्या वाट्याला हे रोज दोन-तीनदा यायचं.

साहेब मात्र खरोखरचा साहेब, विलायतेचा. सहा फूट उंच, नाक उन्हानं कायमचं सोललेलं, अंगात भर वैशाखातसुद्धा काळा कोट. बँडचा लाल कोट त्यानं एक दिवस सोडला तर कधी घातला नाही. "मी सर्कशीतला नाय," एवढंच म्हणाला. हे "नाय" ऐकून नवा माणूस चपापायचा. साहेबाचं मराठी गव्हाणच्या मिठागरांत आणि बांधांवर शिकलेलं होतं, त्याला दुसरं मराठी ठाऊकच नव्हतं. मी शाळेतलं इंग्रजी घासूनपुसून त्याच्याशी बोलायला जायचो आणि तो मला विचारायचा, "तुमी जेवलाव का?" माझं इंग्रजी सुधारून घ्यायचा बेत पहिल्याच महिन्यात बारगळला.

आवाज म्हणाल तर गोड वगैरे अजिबात नव्हता. जात्यात भरड काढताना येतो तसा खरखरीत, आणि खालून कुठून तरी यायचा. तो मला नेहमी सांगायचा, "गाना गल्यातनं नको आनू. पायातनं आन." माझ्या वाजवण्याबद्दल त्याचं एक ठरलेलं मत होतं. "तुजा क्लॅरिओनेट कचेरीत जातो," तो म्हणायचा. हे तो इतक्या शांतपणे म्हणायचा की रागही यायचा नाही. खरं असल्यामुळे तर मुळीच नाही.

त्याची माझी पहिली गाठ पडली ती भांडणात. त्याला गव्हाणात येऊन तेव्हा तीन-एक वर्षं झाली होती. गव्हाणला एका लग्नाची पाठवणी होती. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि आम्ही रिवाजाप्रमाणे एक उडतं गाणं जोरात लावलं होतं. तेव्हा पाठवणीला सगळेच बँड असंच वाजवायचे, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. एवढ्यात गर्दीतून हा लांबलचक गोरा माणूस आला आणि त्यानं माझ्या क्लॅरिओनेटच्या तोंडावर सरळ तळहात ठेवला. "पोर रडतंय," तो म्हणाला, "आनि तू नाचतंस?" मी काही बोलायच्या आत तो गायला लागला. साथ नाही, पेटी नाही. एक ओळ इंग्रजीत म्हटली, तीच पुन्हा म्हटली, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर दिलं. मग बायका रडायला लागल्या, मग पुरुषांनी उपरण्यांत तोंडं घातली, आणि शेवटी नवऱ्याकडची माणसंही रडायला लागली. त्यांना रडायचं काय कारण होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी कॉर्नेट काखेत मारली आणि साहेबाचा हात धरला. "साहेब, खुदा के वास्ते आमच्यात या," ते म्हणाले. साहेब आला, तो आमच्यातच राहिला.

आपली हकीकत त्यानं सलग अशी कधी सांगितली नाही. गाडीतून जाता-येता जे तुकडे पडले ते मी जोडले. बाप कोळशाच्या खाणीत होता. युद्धात हा पलटणीबरोबर मुंबईला आला. बंदरात अमेरिकन जहाजं लागायची, त्यांच्यावरचे काळे खलाशी धक्क्यावर बसून आपली गाणी म्हणायचे. हा त्यांच्यात जाऊन बसायचा. "दुखाची गानी," तो सांगायचा. "तीच वल दोनदा म्हनायची. एकदा म्हनून दुख खरं वाटत नाय." युद्ध संपलं, पलटण परत गेली, हा राहिला आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात गायला लागला. एक तबकडीही निघाली होती म्हणे. मी ती पाहिली नाही, त्याच्याकडेही नव्हती. मग दारूबंदी आली, हॉटेलातल्या रात्री ओस पडल्या, आणि जी थोडी गिऱ्हाइकं उरली त्यांना हसरी गाणी हवी होती. मॅनेजरनं ताकीद दिली की गाताना दात दिसले पाहिजेत. साहेब म्हणाला, दात डॉक्टरला दाखवतात. तिथली नोकरी संपली.

पुढं पुण्याच्या एका क्लबात गाण्यासाठी चार-पाच जण मोटारीनं निघाले आणि मोटार पनवेलला बंद पडली. बाकीचे चहा पीत बसले. हा गिटारीची पेटी पाठीला लावून फिरायला निघाला. रस्त्यानं एका लग्नाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, त्यांच्या मागं मागं चालत गव्हाणला पोचला. तिथं धवलारीण गात होती.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळद लावण्यापासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक गोष्ट ती धवल्यात, म्हणजे लग्नाच्या गाण्यात, सांगते आणि तिनं गायल्यावरच ती गोष्ट घडते. ती ओळ म्हणते, मागच्या बायका तीच ओळ पुन्हा म्हणतात, आणि मग ती पुढं नेते. साहेब मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत राहिला. मला तो म्हणाला होता, "मना वाटलं, हिला ह्या कोनी सांगितला?" मोटार दुरुस्त होऊन पुण्याला गेली. साहेब गेला नाही.

ती धवलारीण म्हणजे तेव्हा तिशीतली एक काटक बाई. नवरा मिठागरात कामाला, दिवसातून दहा शब्द बोलणारा. पदरी एक तान्ही मुलगी. साहेबाला तिथंच हिवताप भरला आणि तो त्यांच्या पडवीत आडवा झाला. नवरा म्हणाला, "बरं वाटल तवा जावा." त्यानंतर त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. असं करता करता दिवाळी आली. धवलारणीचा एकुलता भाऊ खाडीत होडी उलटून गेलेला. तेव्हापासून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. त्या वर्षी ती निरांजन घेऊन अंगणात निघाली आणि पडवीत हा घोंगडी पांघरून बसलेला दिसला. ती थबकली. मग त्याच्यापुढं पाट ठेवून म्हणाली, "बस. यो बी चांदासारखाच गोरा हाय." तेव्हापासून तो तिचा दादा आणि तिच्या मुलीचा मामा. गावानं थोडे दिवस तोंडं वाकडी केली, मग गावही त्याला मामा म्हणायला लागलं.

त्याच्या एकेक तऱ्हा अशा. मुंबईहून आणलेली गिटार पडवीत पेटीत असायची. एका पावसाळ्यात पेटी उघडी राहिली आणि तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली. धवलारणीनं तिला उचलायला हात घातला तर साहेब आडवा आला. "बसलीय ती. उठवू नको." कोंबडीचे एकवीस दिवस भरेपर्यंत तो गिटारीवाचून गायला आणि मग त्याला गिटारीची गरजच वाटेना. दमट हवेनं पुढं तिची मानही वाकली. त्यानं तिच्या तारा काढून कुणाला तरी जाळ्यासाठी दिल्या.

लग्नाच्या दिवशी तो सकाळपासून पाठवणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गळ्यात दोरीनं शाळेतली पाटी अडकवलेली असायची. काही हवं असलं की तिच्यावर लिहायचा. त्याला देवनागरी मीच शिकवली, पण तो बोलायचा तसंच लिहायचा. "पानी." "ऊन लय हाय." एकदा आमचा ढोलवाला बेताल झाला तेव्हा साहेबानं पाटीवर नुसतं एक गाढव काढलं आणि वाजवत असलेल्या त्या माणसापुढं शेवटपर्यंत धरून उभा राहिला.

आणि त्याची मोठी तऱ्हा म्हणजे नवरीला भेटणं. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी तो मुलीच्या घरी जायचा. ओटीवर बसून पाणी प्यायचा आणि तिच्या आईसमोर तिला एकच विचारायचा, "ह्या घरातलं काय सोरून जाताना जास्ती वंगाल वाटल?" पोरी आधी लाजायच्या. मग एखादी सांगायची, तांबू. म्हणजे गाय. एखादी सांगायची, मागची चिंच. एकीनं सांगितलं होतं, आजाचा खोकला. साहेब मान हलवून उठायचा. पाठवणीला त्याचं इंग्रजी गाणं सुरू व्हायचं, कुणाला अक्षर कळायचं नाही, आणि मधेच त्या परक्या शब्दांत "तांबू" यायचं. एकदा यायचं, ओळ पुन्हा म्हटली की पुन्हा यायचं. नवरी जी फुटायची ती मग कुणाला आवरायची नाही. मला पहिली दोन वर्षं हे ढोंग वाटलं. तळोज्याच्या एका लग्नात त्यानं "चूल" हा शब्द घेतला, आणि मला माझी बहीण सासरी जाताना पोतेरं घेऊन चूल सारवत बसली होती ते आठवलं. त्या दिवशी मला वाजवता आलं नाही. मास्तरांनी "या अल्ला" म्हटलं नाही.

अशी वर्षं गेली. साहेबाचे केस पिकले, धवलारणीची मुलगी लग्नाची झाली, आणि त्याच हिवाळ्यात लंडनहून पत्र आलं.

पत्र हॉटेलातल्या जुन्या सोबत्याचं होतं. साहेबानं ते मला वाचायला दिलं. लिहिलं होतं, इथं आता पोरं वेडी झाली आहेत. विजेच्या गिटारी घेऊन तळघरांत तीच गाणी म्हणतात, जी आपण म्हणायचो तेव्हा लोक उठून जायचे. त्यांना खरा गाणारा हवा आहे. तू ये, बोटीच्या तिकिटाचं मी बघतो. मी ते दोनदा वाचलं. मी त्याला म्हणालो, साहेब, जा. आयुष्य काढलंत तुम्ही इथं, ज्यांना तुमच्या गाण्यातला एक शब्द कळत नाही त्यांच्यासमोर. तिथं सगळं कळेल. त्यानं पत्राची घडी करून ते कोटाच्या खिशात घातलं. मग म्हणाला, "पोरीचं लगीन होऊं दे. कोन म्हनून उभा ऱ्हातो त्या बघतो."

मला त्याचं म्हणणं कळलं. भाचीच्या लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. त्यानं नवरीला मांडवात आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं. तेरा वर्षं लोकांच्या मुलींना निरोप देणाऱ्या या माणसाला एवढंच पाहिजे होतं. ते मिळालं तर तो गव्हाणचा, नाही मिळालं तर गाणारा गोरा साहेब, आणि मग लंडन काय वाईट.

मुलगी विचुंब्यात दिली होती. वरबाप जमीनजुमल्याचा, आवाजाचा मोठा, चार गावांत मान असलेला माणूस. बँड त्याच्याकडून ठरला. खोलीत येऊन त्यानंही पहिलं तेच विचारलं, साहेब येईल ना. पाठवणीला साहेबाचं गाणं झालंच पाहिजे, अशी त्यानं अट घातली आणि ती मी माझ्या हातानं वहीत लिहिली. नवरीचा मामा म्हणजे हाच साहेब, हे त्याच्या गावीही नव्हतं. आठवड्यानं त्याला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो कचेरीत माझ्या टेबलाशी आला.

"मास्तर, तुमी शिकलेले," तो म्हणाला. कचेरीतल्या सगळ्यांनाच तो मास्तर म्हणत असावा. "गायला साहेब पायजेच. पन मामा म्हनून गोरा उभा केला तं आमचं गाव हसल. नवरीचा चुलत मामा हाय ना, त्यो उभा ऱ्हाईल. तुमी साहेबाला नीट समजून सांगा."

मी सांगितलं. आजही या गोष्टीची मला लाज वाटते. मी नुसतं सांगितलं नाही, वर पदरचं घातलं. म्हटलं, साहेब, मुलीच्या सुखाचा प्रश्न आहे. सासऱ्याचं मन आधीच कशाला दुखवायचं? तुम्ही गा, गाणं काय कमी मानाचं आहे? साहेबानं ऐकून घेतलं. "बराय," म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे गाना त्याला पायजे. मी नको." मी त्याला विचारलं, मुलीला भेटून तो नेहमीचा प्रश्न विचारलात का. त्यानं मान हलवली. "नाय. तिनं काय सांगितलं तं मना गाता येनार नाय."

लग्नाच्या दिवशी तो आमच्या खोलीवर आला आणि त्यानं मास्तरांकडे हात पुढं केला. मास्तरांना आधी कळेना. मग त्यांनी खुंटीवरचा लाल कोट काढून दिला. साहेबाच्या मनगटापासून वीतभर वर त्याच्या बाह्या आल्या. तो आमच्यात, ओळीत, ढोलाच्या शेजारी उभा राहिला, गळ्यात पाटी. त्याला तसं बघून मला कुठं तोंड लपवावं असं झालं.

दुसरी धवलारीण बोलावलेली होती, कारण आई लग्नाच्या धावपळीत कशी गाणार. पण मुहूर्त जवळ आला तशी आईच पुढं आली आणि पदर खोचून मांडवाच्या मधोमध बसली. वरबापानं विचारलं, "ह्ये काय? आई धवला म्हनते?"

"माजी पोर," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या पोरींचं म्हनते, माज्या पोरीचं नको?"

तिनं गायला सुरुवात केली. मांडव गायला, कलश गायला, विहिणी गायल्या. मग नवरीला आणायची वेळ झाली. चुलत मामा डोक्याचा फेटा सारखा करून पुढं सरसावला. धवलारणीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं वेगळीच ओळ उचलली.

कोन गो आला, सात पान्यांवरशी आला,
कोन गो आला, सात पान्यांवरशी आला,
नवरीचा मामा, गव्हानचा झाला.

बायका दुसऱ्या ओळीला मागं म्हणत होत्या, त्या तिसरीलाही न सांगता म्हणू लागल्या. वरबाप उठायला लागला आणि परत बसला. चालू धवला तोडणं म्हणजे लग्नाला खोट, तेवढी हिंमत चार गावांतल्या कुणात नव्हती. आणि धवलारणीनं गायलं म्हणजे ते झालं. साहेब जागचा हलेना. मास्तर त्याच्या कानाशी गेले. "जाइये मियाँ," ते म्हणाले, "बहेन ने पुकारा है." साहेबानं गळ्यातली पाटी काढून माझ्या हातात दिली, लाल कोट काढून ढोलावर ठेवला, आणि घरात गेला. मुलीला घेऊन बाहेर आला तेव्हा त्याची मान खाली होती. अक्षता पडेपर्यंत तो तिच्या मागं हात जोडून उभा होता, आणि मी काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही.

पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी जुंपलेली होती, बैलांच्या शिंगांना बाशिंगं होती. वरबाप गाडीच्या पुढं येऊन उभा राहिला.

"मामा झाला, बरा झाला," तो म्हणाला. "पन बोली गान्याची व्हती. वहीत लिवलंय. गाना झाल्याबिगर गाडी हलनार नाय."

सगळे साहेबाकडे बघायला लागले. साहेबाचा चेहरा ओला होता. त्यानं खरंच प्रयत्न केला, तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. मी तेरा वर्षं त्याला गाताना पाहिलं होतं, त्याच्या आवाजानं कधी दगा दिला नव्हता. धवलारीण वरबापासमोर गेली.

"मामा गात नाय," ती म्हणाली. "मामा रडतो. त्याला रडूं दे."

"मंग गानार कोन?"

मास्तर टोपी काढून पुढं झाले, मी त्यांच्या मागं. चूक माझी होती, अट मी लिहिली होती, तेव्हा पाया पडायचं तर मीच पडणार होतो. तेवढ्यात गाण्याचा आवाज आला, आणि तो बाईचा होता.

नवरी गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली होती आणि गात होती. साहेबाचं गाणं. त्याच चालीत, त्याच इंग्रजी शब्दांत. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पाळण्यात असल्यापासून पडवीतून जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं तिच्या तोंडून येत होतं, आवाज खाली, पायातून आलेला. शब्दांचा अर्थ तिला माहीत नव्हता. जिथं प्रत्येक नवरीचा आपला एक शब्द यायचा ती जागा मात्र तिला पक्की माहीत होती. तिथं आल्यावर तिनं साहेबाकडे बघितलं आणि म्हटलं, "मामा." मग रिवाजाप्रमाणे तीच ओळ पुन्हा म्हटली.

साहेब मटकन जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. मी पुष्कळ पाठवण्या पाहिल्या, पण अख्खा मांडव एका पुरुषासाठी रडतोय असं पुन्हा पाहिलं नाही. मिठागरात राबून हात फाटलेला तो अबोल बापसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मुलीनं तिसरी ओळ पुरी केली, डोळे पुसले, आणि स्वतःच गाडीत चढून बसली.

वरबाप गाडीसमोरून बाजूला झाला. मग त्यानं वाकून साहेबाच्या काखेत हात घातला.

"उठा, मामा," तो म्हणाला. "पोर बघतंय तुमच्याकरं."

साहेब उठला. गाडी सुटली. वेशीपर्यंत तो गाडीबरोबर चालत गेला, जोखडावर हात ठेवून, आणि आम्ही मागून काहीच न वाजवता गेलो.

पंधरा दिवसांनी तो कचेरीत आला आणि लंडनच्या पत्राला उत्तर लिहून दे म्हणाला. इंग्रजी त्याची मायबोली, तरी लिहायचं मी. हात कापतो, म्हणाला, पण ते काही खरं कारण नसावं. मी कागद ओढला. येतो म्हणून लिहू की येत नाही म्हणून, मी विचारलं. माझ्या मनात अजून होतं, त्यानं जावं.

"लिव, येत नाय," तो म्हणाला. मग भाचीला सासरी देऊन आलेला कुठलाही मामा बोलतो तशा आवाजात पुढं सांगायला लागला.

"लिव, भाची दिली. घर बरं हाय. सासरा जरा तापट हाय, पन मानूस वंगाल नाय. आता दिवालीला तिला आनायला मनाच जावं लागल."

लंडनमधल्या त्या माणसाला यातलं काय कळणार होतं, देव जाणे. मी सगळं लिहिलं.